दुसरा लाभ

मोतीझीलच्या पुढे, छोट्या लाईनीचे रूळ उखडून नेले तिथून
डावीकडे वळलं की आमची अकरा बिघे बाजरी.
रूळ होते तेव्हा जेवणाची वेळ गाडी सांगायची.
आता रामसिया आपली सावली पावलांनी मोजतो
आणि दर वेळी थोडं आधीच म्हणतो, हो गई.

आज शेवटचा दिवस.
सकाळी थ्रेशरच्या पत्र्यावर दंव होतं,
त्यावर कुणीतरी बोटानं रेघ ओढलेली.
नाल्याच्या कडेनं कास पांढरा झालाय
आणि परीट पक्षी आलेत, शेपट्या हलवत,
मागल्या वर्षी इथे विसरलेलं काहीतरी
शोधत असल्यासारखे.

मी लष्करहून पहिल्या टेम्पोनं आले.
डब्यात भरली वांगी, पोळ्या बावीस.
बाजरीच्या खळ्यावर गव्हाच्या पोळ्या न्यायच्या
यावर फूलवती दर वर्षी हसते.
याही वर्षी हसली, मग तीन खाल्ल्या.

भूस उडते. मानेत, कोपराच्या घडीत, पापणीला खाज.
अप्पांना मशीन ऐकू येत नाही हल्ली.
ते पोत्यावर तळहात टेकून बसतात,
दाणा गळ्याशी आला की त्यांना हातातून कळतं.
मग दाभण. मग सुतळी. मग मोठ्यानं आकडा.

एक म्हणायचं नाही. पहिलं पोतं म्हणजे लाभ.
लाभ, दोन, तीन,
आणि पलीकडून रामसिया, अर्धा श्वास मागे,
राम, दो, तीन.
एका खळ्यावर दोन मोजण्या,
चाळीस वर्षांत बेरीज कधी चुकली नाही.

सतरा झाली.
पुढच्या पोत्याचं तोंड शिवून झालं, गाठ मारली,
आणि अप्पा थांबले.
ओठ हलले, भुशीनं पांढरे.
आकडा येईना.

रामसियाला ठाऊक होता. पण त्यांच्या आधी
तो कधी बोललेला नाही, तसाच उभा राहिला
रिकामी टोपली कमरेला लावून.
फूलवतीनं उगाच पदर झटकला.
श्रीरंग तिकडे मशीनवर, त्याला पत्ताच नाही.
माझ्या जिभेवर होता अठरा.
अठराचा पाढा मी याच बांधावर बसून
रडत रडत पाठ केलेला,
समोर बाजरीच्या दाण्यांच्या ओळी मांडून अप्पा.
मी गप्प बसले. का, ते अजून सांगता येत नाही.

मग त्यांनी मान वर केली
आणि खणखणीत आवाजात म्हणाले, लाभ.

रामसियानं एकदा माझ्याकडे पाहिलं.
मग म्हणाला, राम.

दोन. दो.
तीन. तीन.
असं करत चौदा.

ऊन उतरलं तेव्हा श्रीरंगनं वही मागितली.
किती? सतरा आणि चौदा.
म्हणजे एकतीस ना?
एकतीसच. पण वहीत मी दोन ओळी केल्यात,
आणि दोन्ही ओळी लाभपासून सुरू होतात.
मंडीतला काटा क्विंटल तेवढे विचारेल.

विहिरीकडचा कोपरा उभाच ठेवलाय पाखरांना.
कडब्याच्या पेंढ्या अजून मोजायच्यात, त्या राहू देत.
मशीन बंद होऊन बराच वेळ झाला होता
तरी अप्पांचा हात शेवटच्या पोत्यावर.
गारवा आला म्हणून मी शाल दिली,
ती त्यांनी पोत्यावर ठेवली.

उद्या ट्रॅक्टर येतोय, मोहरी पेरायला, मी कानाशी ओरडून सांगितलं.
त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली,
नखातली भूस काडीनं काढत राहिले.
मोहरीचं एक बरं असतं, ते म्हणाले,
पेरताना ती कुणी मोजत नाही.